मदत हवी आहे: घाटात गाडी तापली, इंजिनचं हेड (वरचा भाग) न उघडता तपासणी नाशिकात कुठे होईल?

नमस्कार मंडळी. मुंबईहून येताना कसारा घाटात आमच्या पेट्रोल गाडीचा रेडिएटरचा होज फाटला. काटा लाल पट्टीत जाताच भावाने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. टो करून नाशिकला आणली, होज बदलला, नवीन कूलंट भरलं.

आता गाडी चालते, पण मन निर्धास्त नाही. सकाळी सुरू केल्यावर पांढरा धूर येतो. थंडीत थोडी वाफ दिसतेच, पण हा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही आणि त्याला गोडसर वास येतो. टाकीतलं कूलंट हळूहळू कमी होतंय, खाली मात्र थेंबही नाही. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ झालेलं नाही. म्हणून हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिन ब्लॉकमधलं सील, गेल्याची शंका येते.

गॅरेजवाले म्हणतात, सरळ हेड उघडू. मला ते घाईचं वाटतं. आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं), कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) आणि कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस मिसळतोय का हे दाखवणारी रंग बदलणाऱ्या द्रवाची टेस्ट व्हावी, असं माझं मत आहे.

अंबड, सातपूर किंवा द्वारकेच्या बाजूला या टेस्ट नीट करणारं कोणी माहीत आहे का? हेड काढावंच लागलं तर ते वाकलंय का आणि त्याला तडा आहे का, हे तपासून फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करणारं खात्रीचं मशीन शॉपही सांगा. साधारण खर्च किती येतो? बाबांना दवाखान्यात न्यायला हीच गाडी लागते. तोवर गावातल्या गावात चालवावी की उभीच ठेवावी?