ऑक्टोपसमधून फुसफुस: ऑरिफिस फिरवू की नवा घेऊ?

बुडबुडा_पुणे
पावसाळाभर कपाटात असलेला स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देणारा) काल सिलिंडरला लावून पाहिला. आधी सगळं शांत. तीन-चार मिनिटांनी ऑक्टोपसमधून, म्हणजे राखीव सेकंड स्टेजमधून, बारीक फुसफुस सुरू झाली. पर्ज बटण (हवा मोकळी सोडणारं) दाबून सोडलं की थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू. मुख्य सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचा भाग, मात्र गप्प आहे. मित्र म्हणतो ऑक्टोपसचा ऑरिफिस (हवा आत येते ते फिरवता येणारं तोंड) जरा आत फिरव, गळती बंद होईल. दिवाळीनंतर मालवणला डाइव्ह ठरल्यात. फिरवू का, की सरळ नवा ऑक्टोपस घेऊ?

तारकर्ली_किट
ताई, पाना आधी खाली ठेवा! पर्ज केल्यावर थांबते आणि मिनिटांनी परत येते, यावरून मला संशय ऑक्टोपसचा नाही, फर्स्ट स्टेजचा, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागाचा आहे. सिलिंडरमधल्या २०० बारचे तो साधारण ९-१० बार करून होजमध्ये (नळीत) सोडतो. त्याची हाय प्रेशर सीट (झडप मिटवणारी गादी) झिजली की झडप पूर्ण मिटत नाही, होजमधला दाब चढत राहतो आणि ज्या सेकंड स्टेजची स्प्रिंग सैल तो आधी सुटतो. तुमचा ऑक्टोपस बिचारा सेफ्टी व्हॉल्व्हचं काम करतोय. ऑरिफिस आत फिरवला तर फुसफुस थांबेलही, पण दाब चढायचा तो चढणारच, वर श्वास जड होईल. हा उपाय सुचवणारे बोटीवर दर सीझनला भेटतात.

बीसीडीच्या (हवा भरायच्या डायव्हिंग जाकिटाच्या) इन्फ्लेटर होजला लागणारा छोटा प्रेशर गेज कुणाकडून तरी मागून आणा. तो लावून सिलिंडर सावकाश उघडा, दोन-चार वेळा पर्ज करा आणि मग हात न लावता काटा बघत बसा. एका जागी ठरला तर दोष ऑक्टोपसच्या सीटमध्ये. सरकत वर गेला तर फर्स्ट स्टेज. हे करताना सेकंड स्टेज काढून ठेवू नका. दाब अनावर झाला तर हवेला सुटायला तोच रस्ता असतो.

मस्कतकर
मुख्य सेकंड स्टेजला श्वास हलका-जड करायचा नॉब आहे का? तो आत फिरवलेला असेल तर म्हणूनच गप्प असेल. आणि सगळं दाबाखाली ठेवून एकदा बादलीत बुडवून बघा. सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या सांध्यातून बुडबुडे आले तर आतल्या पिनवरच्या दोन चिमुकल्या ओ-रिंग गेल्यात. योकपाशी (रेग्युलेटर सिलिंडरला कसतो तिथे) आले तर सिलिंडरच्या तोंडाची ओ-रिंग. ही कामं किरकोळ.

बुडबुडा_पुणे
नॉब खरंच पूर्ण आत होता! बाहेर काढल्यावर तोही फुसफुसला. क्लबमधून गेज मिळाला: साडेनऊवर सुरू झाला आणि बघता बघता अकराच्या वर. बादलीत बाकी कुठे बुडबुडा नाही.

तारकर्ली_किट
मग झालं. फर्स्ट स्टेजची सीट बदलायची. घरी उघडू नका. पितळी कडेवर एक ओरखडा पडला तर नवी सीटही गळेल. त्या कंपनीच्या सर्व्हिसचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडेच द्या आणि 'ऑक्टोपस गळतो' एवढंच सांगू नका, नाहीतर तो ऑक्टोपसच उघडेल. साडेनऊ ते अकरा हे आकडे चिठ्ठीवर लिहून द्या. परत आल्यावर तीच गेजची चाचणी त्याच्यासमोर करून घ्या. दोन्ही सेकंड स्टेजच्या सीटही तेव्हाच बघायला सांगा, आणि पुढच्या पावसाळ्यात नॉब बाहेर काढून ठेवा; आत ठेवला की स्प्रिंगच्या दाबाने सीटवर खाच पडते. दिवाळीपर्यंत किट आलं नाही तर इथे भाड्याने घ्या, पण हा घेऊन पाण्यात उतरू नका.