रुग्णभेट आणि प्रार्थनासेवा: कामाचे अनुभव लिहा

चर्चच्या रुग्णभेट, शोकभेट, दारूमुक्ती यांत वर्षानुवर्षं असणाऱ्यांनी लिहावं. साक्ष (देवाने काय केलं त्याची कहाणी) नको, कृती सांगा.

वसई, धर्मग्रामातली (कॅथलिक पॅरिशमधली) रुग्णसेवा
फादर घरी आले म्हणजे आता काही खरं नाही, ही समजूत अजून जात नाही. मग फोन येतो तोवर पेशंट बेशुद्ध. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार मरणाऱ्यांपुरता नाही. मोठ्या ऑपरेशनआधी मिळतो, थकलेल्या म्हाताऱ्यांनाही मिळतो, दुखणं बळावलं तर पुन्हा घेता येतो. शुद्धीत असताना बोलवा, म्हणजे पापनिवेदनही (फादरांजवळ पापांची कबुली) होतं. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, थोडा कापूस एवढं पुरे. तेल फादर आणतात, कपाळाला आणि हातांना लावतात. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवू नका. नाकात नळी आणि उशाशी ज्योत, असं भाबडेपणाने सर्रास होतं.

अहिल्यानगर, मंडळीतले (चर्चमधले) वडील, म्हणजे जबाबदार वडीलधारे
खचलेल्या माणसाकडे दोघांनी जावं, अर्ध्या तासात उठावं. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ वाचा: ‘माझा प्राण घे’ म्हणणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत आधी उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. तेव्हा डबा न्या. वाचायचंच तर स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं. ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य चपलांबरोबर बाहेर ठेवा.

माणूस जिवाला कंटाळल्याचं बोलला तर सरळ विचारा, ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध आणि गोळ्या हलवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुणे, दारूमुक्तीचं काम
रोज भरपूर पिणारा सभेत निर्धार करतो आणि त्याच रात्री बंद करतो. इथेच घात होतो. ६ ते २४ तासांत हात कापतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात, माणूस ओरडतो. घरचे त्याला अशुद्ध आत्मा समजून पाळकांकडे नेतात. तो भ्रम दारू तुटल्याचा असतो, त्यात जीव जातो. आधी दवाखाना, मग प्रार्थना तिथेच खाटेशी.

त्यांनाच जोडून, नर्स
उपासाचंही बघा. इन्सुलिनवाल्याने डॉक्टरांना न विचारता उपास धरू नये. लिथियम (मनाच्या आजारावरचं औषध) घेणाऱ्याने निर्जळी तर नकोच: पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम चढतं, उलट्या होतात, तोल जातो. नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. ‘प्रार्थनेनं बरं वाटतंय’ म्हणून एकदम सोडू नयेत.

मुंबई, प्रार्थनागट
व्हॉट्सॲपवर विनंती टाकताना आजाराचं नाव आणि वॉर्ड लिहू नका. ‘अमक्या गल्लीतली बहीण’ एवढ्यावरही लोक ओळखतात. आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर दोघा-तिघांनीच प्रार्थना करावी.