बी विंगखालची फियाट

ए-१०४: सेक्रेटरीसाहेब, बी विंगखालची ती फियाट कधी हलणार? सोमवारी रंगकामाची परांची लागतेय. जीबीएमला (सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत) ठरलं होतं. 🙏

सी-२०१: आलं भंगारपुराण परत 😄

बी-३०२: भंगार म्हणू नका. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, आपल्या कुर्ल्यात बनलेली. पार्किंग चार्जेस दर महिन्याला भरतोय.

ए-१०४: काका, पैशांचा विषयच नाही. सोमवारी परांची. जागा रिकामी हवी.

सी-२०१: फियाट की पद्मिनी, एक काय ते सांगा

बी-३०२: गाडी एकच. मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने ती इथे बनवली. १९६४ ला ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकात नाव बदलून आधी प्रेसिडेंट, मग पद्मिनी. लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना ५,००० रुपये कर्ज काढून फियाटच घेतली होती.

ए-४०३: आमच्या सासऱ्यांनी नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिली होती हो. गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढे तिघं आरामात. पाठीमागे आम्ही बायका, मुलं मांडीवर, गावी जायचो.

बी-३०२: बरोबर वहिनी. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडायची. ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, चोक न ओढता स्टार्टर मारायचा. निघाली. १०८९ सीसीचं साधं इंजिन, कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक खोलायचा. म्हणून तर टॅक्सीवाल्यांनी इतकी वर्षं सोडली नाही.

सी-२०१: त्या टॅक्सी पण गेल्या की

बी-३०२: हो. शेवटची ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली, २० वर्षं भरली तशी २०२३ ला बंद झाली. वाईट वाटलं. म्हणूनच ही विकणार नाही.

ए-१०४: सोमवारी परांची. जागा रिकामी हवी.

बी-१०१: आणि जिन्याखाली तुमची बंद स्कूटर आहे, तिचं काय? कुंड्या ठेवल्या तर लगेच नोटीस काढता.

ए-१०४: ताई, स्कूटर चालू आहे. विषय भरकटवू नका.

बी-१०१: चालू? पावसाळ्यापासून टायर बसलेत.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. काका, परांची निघेपर्यंत गाडी गेटजवळ व्हिजिटर पार्किंगला लावाल का?

बी-३०२: लावतो. बॅटरी उतरली आहे, रविवारी सकाळी धक्का मारायला चार जण पाठवा. आणि गाडीवरचं कव्हर काढून ठेवू नका, तिच्यावर रंग उडाला तर मी ऐकून घेणार नाही.

सी-२०१: मी येतो काका. एक राउंड मिळेल ना?

ए-१०४: रविवारी नक्की ना? सोमवारी परांची.

सेक्रेटरी: रविवार, ८ वाजता. स्कूटरही तेव्हाच हलवू.