"आधी नोकरी धर, घर मागाहून होतं" म्हणणाऱ्यांसाठी

वळचण (धागाकर्ती)

परवा घरभाड्यांवरच्या चर्चेत 'नाकासमोर' यांनी लिहिलं होतं: "हातपाय धड असलेला माणूस रस्त्यावर झोपतो, कारण त्याला काम करायचं नसतं. शोधलं की काम मिळतं. आधी नोकरी धरावी, घर मागाहून होतं." खाली 'सहमत'ची रांग लागली होती. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी काही वर्षं संध्याकाळी एका रात्रनिवाऱ्यात जाऊन लोकांचे नोकरीचे अर्ज भरून देते. काम नकोच असलेली माणसं तिथे नसतात असं मी म्हणणार नाही. पण काम हवं असून अर्जाच्या पहिल्याच पानावर अडकलेली माणसं कितीतरी जास्त असतात. नाव, जन्मतारीख, फोन, मग पत्ता. त्या रकान्यापुढे लाल चांदणी असते आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. एक पन्नाशीचे गवंडी माझ्या शेजारी बसून पत्ता सांगत होते. मजला, खोली क्रमांक, पिनकोड, कुठेही न अडखळता. ज्या घरातून त्यांना बाहेर काढलं होतं त्याच घराचा तो पत्ता होता. नेमणुकीचं पत्र तिथेच गेलं. चौकशी केली तोवर जागा भरली होती.

बरं, पत्त्याचं जमलं असं धरू. मग ओळखपत्र. उघड्यावर झोपणाऱ्याची पिशवी चोरीला जाते आणि कागद तिच्यातच असतात. नवं ओळखपत्र काढायला रहिवासाचा पुरावा लागतो. पगार खात्यात जमा होणार, तर खातं उघडायला ओळखपत्र लागतं. फोन चार्ज करायला हक्काचा प्लग नाही. रिचार्ज बरेच दिवस झाला नाही की नंबर दुसऱ्या कुणाला जातो, आणि याच्या खात्याचा ओटीपी त्या तिऱ्हाइताला. निवाऱ्यात ठरल्या वेळेला रांगेत नसलात तर खाट गेली, म्हणजे दुसऱ्या पाळीचं काम घेता येत नाही. सकाळी सामानासकट बाहेर पडायचं, म्हणजे मुलाखतीला बोचकं घेऊन जायचं. आणि एवढं करून नोकरी लागली तरी पहिला पगार महिना भरल्यावर. तो महिना रोज आंघोळ करून, वेळेवर, झोप झालेल्या चेहऱ्याने कामावर जायचं. कुठून?

आळसाचं म्हणाल तर शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी 2021 साली अमेरिकेची जनगणना आणि कराच्या नोंदी जोडून पाहिल्या. निवाऱ्यात राहणाऱ्या कामाच्या वयातल्या लोकांपैकी सुमारे 53 टक्के आणि उघड्यावर राहणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांची जनगणनेच्या वर्षात (2010) कधी ना कधी नोंदणीकृत कमाई होती. म्हणजे नोकरी धरूनही घर नाही. फिनलंडने क्रम उलटा केला. 2008 पासून आधी भाडेकराराचं घर, कुठलीही परीक्षा न घेता (म्हणजे आधी अटी पूर्ण करायला न लावता), आणि बाकीचं मागाहून. 1987 मध्ये तिथे 18,000 हून जास्त बेघर होते, 2022 च्या मोजणीत 3,700 सुद्धा नव्हते.

आधी छप्पर, मग काम. माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी त्यावरून हलणार नाही.

नाकासमोर

माझं एक वाक्य उचलून एवढा मोठा लेख? असो, उत्तर देतो.

माझे वडील खिशात काही नसताना गाव सोडून निघाले. दिवसा लेथवर काम करायचे, रात्री त्याच वर्कशॉपमध्ये पोतं अंथरून झोपायचे. त्यांना कुणी परीक्षा न घेता घर दिलं नाही. पुढे त्यांनी स्वतःची खोली घेतली, आम्हाला शिकवलं. आज कुणी म्हणतं की फॉर्ममध्ये लाल चांदणी आहे म्हणून काम मिळत नाही, तेव्हा मला त्यांची आठवण येते आणि राग येतो. मजुरीच्या कामाला फॉर्म लागत नाही, सकाळी नाक्यावर उभं राहायला लागतं.

आणि फिनलंडचं अर्धंच सांगितलंत. 2024 च्या मोजणीत तिथला आकडा पुन्हा वाढला आहे.

दगडफूल

नाकासमोर, तुमच्या वडिलांना छप्पर होतं! मालकाने वर्कशॉपची किल्ली विश्वासाने दिली होती, नळ होता, दाराला आतून कडी होती. कामाच्या जागीच झोपायचे म्हणजे उशीर होण्याचाही प्रश्न नव्हता. तुम्ही वळचणताईंचाच मुद्दा सिद्ध करताय आणि वर रागावताय.

नाक्यावरच्या मजुरीचं म्हणाल तर ती रोजची असते. आज मिळाली, उद्या नाही. त्या भरवशावर कुणी खोली भाड्याने देत नाही. घरमालक अनामत मागतो आणि पगाराची स्लिप मागतो.

भरतीवाली

मी मनुष्यबळ विभागात आहे, म्हणून टेबलाच्या या बाजूचं सांगते. पत्ता आम्ही छळायला मागत नाही. पडताळणी करणारी एजन्सी त्या पत्त्यावर माणूस पाठवते. 'असा कोणी इथे राहत नाही' असा शेरा आला की उमेदवार खोटारडा ठरतो आणि फाईल बंद होते. त्यामुळे धाग्यातल्या गवंडीकाकांनी जुना पत्ता दिला तो मदत करणाऱ्याने देऊ द्यायला नको होता, स्पष्टच बोलते.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. रुजू होऊन चौथ्या-पाचव्या दिवशी न सांगता गायब होणारी माणसं! गणवेश, ओळखपत्र, प्रशिक्षण, सगळा खर्च आमच्या माथी आणि वर बोलणी मला बसतात. बेघरच असं करतात असं नाही, चांगल्या घरचेही करतात. पण ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला शोधायचं कुठे?

वळचण

तो पत्ता त्यांनी दिला कारण दुसरा नव्हता, आणि रकाना रिकामा सोडता येत नव्हता. तुम्हीच सांगा, त्या क्षणी मी काय लिहायला हवं होतं? रात्रनिवाऱ्याचा पत्ता मी इतर अर्जांवर टाकून पाहिलाय. त्या अर्जांना फोनच येत नाहीत.

चौथ्या दिवशी गायब होण्याचं कारण मला बऱ्याचदा माहीत असतं. प्रवासाचे पैसे संपतात. किंवा पाळी बदलते आणि खाट जाते. लाज वाटते म्हणून माणूस सांगत नाही, येणंच बंद करतो. आठवड्याला पगार किंवा थोडी उचल दिलीत तर यातले निम्मे तरी टिकतील.

नाकासमोर, फिनलंडचा 2024 चा आकडा वाढला हे खरं आहे. तिथल्या सरकारने त्याच सुमाराला घरभत्त्यात कपात केली, हेही खरं आहे. छप्पराचा आधार काढला तर माणसं बाहेर पडतात, यापेक्षा मी वेगळं काय म्हणतेय?

पारवा

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर. माझ्या जुन्या ऑफिसातल्या एकाला मी माझा पत्ता वापरू दिला. बायकोचा विरोध होता. नोकरीची पत्रं येतील, एवढंच ठरलं होतं. सहा महिन्यांनी दारात वसुलीवाले. त्याने त्याच पत्त्यावर कर्ज घेतलं होतं. शेजाऱ्यांसमोर शिव्या खाल्ल्या, मुलगी दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हती. यापुढे सख्ख्या भावालाही पत्ता देणार नाही.

दगडफूल

एका माणसाने फसवलं म्हणून सगळ्यांना दार बंद? घर असलेले लोक कर्ज बुडवत नाहीत का?

पारवा

दगडफूल, तुम्ही दिलाय का कधी कुणाला पत्ता? हो की नाही, एवढंच सांगा. दुसऱ्याच्या दारावर उदार होणं सोपं असतं.

दगडफूल

दिलाय. मावसभावाला दिला होता, अडीच वर्षं त्याची टपालं सांभाळली, नोकरी लागली, आज त्याचं स्वतःचं घर आहे. झालं समाधान?

पारवा

मावसभाऊ. नात्यातला. मी तिऱ्हाइताला दिला होता. तुलना करू नका.

नाकासमोर

हेच मी म्हणतोय. नातेवाईक उभे राहतात. ज्याच्यामागे नातेवाईकही उभे राहत नाहीत, त्याने काहीतरी केलेलं असतं.

तिन्हीसांज

मी इथे फारशी लिहीत नाही, पण वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

नाकासमोर, मी काय केलं होतं ते सांगते. मार खायचा नाही असं ठरवून घर सोडलं. माहेरच्यांनी सांगितलं, परत जा, जुळवून घे. तेव्हा मला नोकरी होती आणि राहायला जागा नव्हती. आधी मैत्रिणींकडे आळीपाळीने. पण प्रत्येक घरात काही दिवसांनी आवाज बदलतात, ते ओळखून आपणच निघायचं. मग गाडीत. रोज वेगळ्या ठिकाणी गाडी लावायची, काचांना आतून ओढण्या अडकवायच्या, सीट मागे टाकून झोपायचं आणि कुणी काचेवर टकटक केलं की श्वास धरायचा. व्यायामशाळेचं सदस्यत्व आंघोळीसाठी घेतलं होतं. इस्त्रीचे कपडे ऑफिसच्या कपाटात. कुणालाही कळलं नाही. कामात चुका वाढल्या तेव्हा साहेबांनी बोलावून 'तुमचं लक्ष नसतं' म्हटलं. झोप नव्हती, हे कसं सांगणार? नोकरी गेलीच. त्यानंतर नवी शोधायला लागले तेव्हा कळलं की नोकरी असताना बेघर असणं आणि नोकरी नसताना बेघर असणं यात किती फरक आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न, 'कुठे राहता?' सहज विचारतात. मला घाम फुटायचा.

निवाऱ्यात का गेले नाही असं विचाराल, म्हणून आधीच सांगते: बायकांसाठी वेगळा निवारा जवळपास नव्हता, आणि मिश्र निवाऱ्यात मी झोपले नसते.

पारवा, तुमच्यावर जे आलं ते वाईटच. पण मला ज्या मैत्रिणीने पत्ता दिला तिच्यामुळे मी आज हे लिहितेय.

लेखणीबहाद्दर

तिन्हीसांज, तुमच्याबद्दल आदर आहे. तरीही मूळ मुद्द्यावर यायला हवं, कारण 'आधी छप्पर, मग काम' यातला दुसरा भाग पुराव्याने सिद्ध होत नाही. कॅनडात 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत सुमारे 2,000 बेघर लोकांवर 'ॲट होम' नावाचा मोठा प्रयोग झाला. ज्यांना आधी घर दिलं ते घरात टिकले, हे निर्विवाद. पण त्यामुळे त्यांना नोकऱ्या जास्त लागल्या असं दिसलं नाही. व्हँकुव्हरमध्ये 50 जणांना एकरकमी 7,500 कॅनेडियन डॉलर दिले. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले: रस्त्यावरचे दिवस कमी झाले, दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही. फार चांगलं. पण तिथेही गंभीर व्यसन किंवा मानसिक आजार असलेल्यांना आधीच वगळलं होतं. छप्पर द्यावं, जरूर द्यावं. पण त्याने नोकरी मिळते असं सांगून ते विकू नये. नोकरी लागली नाही की लोक छप्परही काढून घ्यायला निघतात.

वळचण

तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं, आणि ते मला आवडलेलं नाही.

मात्र कॅनडाच्या प्रयोगातले सगळे लोक मानसिक आजार असलेले होते, हे तुम्ही गाळलंत. त्यांच्यावरून त्या गवंडीकाकांचा निष्कर्ष काढता येत नाही. आणि अशा लोकांसाठीही मार्ग आहे. अमेरिकेत 1990 च्या दशकात 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' नावाची पद्धत आली. वर्षभर 'तयारी' करून घेण्याऐवजी माणसाला आवडीच्या खऱ्या नोकरीत घालायचं आणि पाठीशी एक माणूस ठेवायचा. तो मालकाशी बोलतो, सकाळी उठवायला फोन करतो, पाळी बदलली तर मध्ये पडतो. छप्पर हवं आणि हा माणूसही हवा. नुसत्या छपरावर मी थांबत नाहीये.

भरतीवाली

पाठीशी माणूस असेल तर माझी निम्मी तक्रार मिटते. गायब झालेल्याचा फोन लागत नाही, तेव्हा निदान कुणाला तरी विचारता येईल. पण तो पत्त्याचा प्रश्न उरतोच.

दगडफूल

पत्त्यावर उपाय आहेत हो. ब्रिटनमध्ये ख्रिस हिल्ड्री नावाच्या वास्तुविशारदाने 'प्रॉक्सीॲड्रेस' ही कल्पना मांडली. रिकाम्या पडलेल्या घरांचा पत्ता बेघर माणसाला टपालापुरता द्यायचा. तो कुठेही हलला तरी पत्ता तोच राहतो आणि पत्रं त्याच्यापर्यंत वळवली जातात. तिथेच एचएसबीसी बँक 2019 पासून शेल्टर या संस्थेच्या मदतीने पत्ता नसलेल्यांची खाती उघडते. पारवा यांच्या दारात वसुलीवाले यायचं कारणच उरत नाही.

पारवा

संस्था मध्ये असेल आणि जबाबदारी तिची असेल तर माझी हरकत नाही. माझी हरकत एकट्यादुकट्या माणसाने आपलं घर पणाला लावण्याला आहे. आणि 'दार बंद केलं' हे शब्द दगडफूल यांनी मागे घ्यावेत. मी दार उघडलं होतं, म्हणून तर भोगलं.

दगडफूल

घेतले मागे. तेवढेच.

नाकासमोर

तिन्हीसांज, 'काहीतरी केलेलं असतं' हे तुम्हाला उद्देशून नव्हतं. तुमच्याबाबतीत ते लागू नाही.

तिन्हीसांज

मग कुणाबाबतीत लागू आहे? रस्त्यावर झोपलेल्या माणसाकडे बघून ते तुम्हाला कसं कळतं? माझ्या गाडीकडे बघून कुणाला काही कळलं नव्हतं.

नाकासमोर

पत्त्याची अट अर्जाच्या पहिल्या पानावर नसावी, हे मान्य. पहिला महिना उचल द्यावी, हेही एक वेळ मान्य. पण परीक्षा न घेता घर द्यायला माझा विरोध आहे आणि राहील. माझ्या वडिलांना कुणी दिलं नाही.

वळचण

तुमच्या वडिलांना कुणी द्यायला हवं होतं, नाकासमोर. पोत्यावर झोपून निभावलं म्हणून तसंच झोपायला लागावं, असं त्यांना तरी वाटत होतं का?

भरतीवाली, तुमच्या कंपनीच्या अर्जात पत्त्याचा रकाना नेमणूक ठरल्यानंतर आणता येईल का? पडताळणी तेव्हाच तर करता.

भरतीवाली

तांत्रिकदृष्ट्या येईल. पडताळणी निवडीनंतरच होते, त्यामुळे पहिल्या पानावर पत्ता कशाला हवा याचं उत्तर माझ्याकडेही नाही. आमचा अर्ज बाहेरच्या कंपनीने बनवलाय, बदलाला वरच्यांची सही लागते. सोमवारच्या बैठकीत विषय घालते. मजकूर तुम्ही लिहून द्या, 'सध्याचा संपर्क' असा काहीतरी, त्यात संस्थेच्या माणसाचा फोन चालेल असं. आणि ते गवंडीकाका अजून काम शोधत असतील तर त्यांचा अनुभव मला निरोपात कळवा. देखभालीच्या कामाला माणसं लागतातच, पाळी सकाळची आहे.