लिस्बन ते जिब्राल्टर शिडाच्या बोटीने: ओर्कांपासून धोका किती?

दर्यासारंग_पुणे: जूनमध्ये मित्राच्या ११ मीटरच्या बोटीवरून लिस्बन ते जिब्राल्टर जायचं ठरतंय. आम्ही तिघं. घरचे रोज ओर्कांनी (किलर व्हेल) सुकाणू तोडल्याचे व्हिडिओ पाठवतात. खरंच बोटी बुडतात का? कुणी हा पट्टा केलाय?

खलाशी७२: केलाय, २०२३च्या जूनमध्ये. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बार्बातेच्या अलीकडे ओर्कांशी गाठ पडली. मला आधी दिसलं काहीच नाही. हातातलं चाक एकदम हिसडा देऊन फिरलं, मनगट आठवडाभर सुजलं होतं. मागे वाकून पाहिलं तर पाण्याखाली पांढरं पोट. उताणा होऊन तो सुकाणूच्या पात्याला डोकं लावत होता. मग फुस्सकन श्वास, आणि तोंडावर कुजक्या मासळीचा वास.

बोटी बुडाल्यात. २०२२मध्ये पोर्तुगालजवळ, २०२३मध्ये बार्बातेजवळ, २०२४मध्ये सामुद्रधुनीत. माणूस मात्र यात दगावलेला नाही.

आम्हाला तेव्हा सांगितलं होतं, शिडं उतरवा, इंजिन बंद करा, गप्प बसा. बसलो, आणि पाऊण तास धक्के खाल्ले. आता स्पेन सरकारचा सल्ला उलटा आहे: थांबू नका, इंजिनवर उथळ पाण्याकडे निघा. माझंही तेच मत. एप्रिल ते ऑगस्ट कुप्याच्या (ट्यूना मासा) मागे ओर्का जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या आसपास असतात, त्यामुळे तुमचा जून ऐन हंगामातला. किनारा धरून जा, २० मीटर पाण्याच्या आसपास, म्हणजे आपल्या तांडेलांच्या हिशोबाने ११ वाव. फक्त तिथे मच्छीमारांच्या सापळ्यांचे दोर पंख्यात अडकतात, म्हणून तो पट्टा दिवसाउजेडीच करा.

आलेच तर चाक सोडून द्या, बोटीच्या मधोमध बसा, काठावर कुणी जाऊ नका, रेडिओवर चॅनल १६वर, म्हणजे संकटाच्या चॅनलवर, कळवा.

मालवणी_पोर: फटाके टाकले की पळतात म्हणे?

खलाशी७२: कृपा करून नको. ही इबेरियन ओर्कांची टोळी चाळीसच्या आत आहे, अतिसंकटग्रस्त. त्यांना इजा करणं गुन्हा आहे. २०२०पासून हे चाललंय आणि अभ्यासकांच्या मते हा हल्ला नाही, खेळ आहे. त्यात बरेचसे कोवळ्या वयाचे. मी जवळून पाहिलंय, रागाने तुटून पडणारं जनावर असं पात्याशी चाळे करत बसत नाही. बोट आपली मोडते हे खरं, पण जीव त्यांचा मोजका उरलाय.

सारंग, एक काम आजच कर. मागचा लॉकर रिकामा कर. सुकाणूचा दांडा जिथून आत येतो तिथेच पाणी शिरतं, आणि नेमकं तिथेच सगळे सामान कोंबतात.

दर्यासारंग_पुणे: मित्राला फोन केला. लॉकरमधून दोन जुनी शिडं, एक घडीची सायकल आणि नांगराचा जादा दोर निघाला. आता दांड्यापर्यंत हात पोचतो म्हणाला. सायकल घरीच राहील.