इंजेक्शन मोल्डिंगमध्ये साचा व रंग बदलताना जाणारा वेळ: क्रम कसा लावावा?

नियोजक_चाकण:
नमस्कार. आमच्या २५० टनी इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर (वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भाग काढणारे मशीन) पांढरे, करडे आणि काळे असे सात भाग निघतात. पाच एबीएस या प्लास्टिकचे आणि दोन पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या प्लास्टिकचे. मी डिस्पॅचच्या तारखेनुसार क्रम लावतो, आणि गेल्या आठवड्यात १४४ तासांपैकी २६ तास केवळ साचा व रंग बदलण्यात गेले. तारीख सांभाळावी की रंगांचा क्रम?

जुना_मोल्डर:
आपण प्रत्येक बदलाला एकच सरासरी वेळ धरत असाल, तर चूक तिथेच आहे. आमच्याकडे पांढऱ्यावरून काळ्यावर जायला २० मिनिटे लागतात आणि काळ्यावरून पांढऱ्यावर यायला ९०, कारण प्लास्टिक वितळवणाऱ्या बॅरलला व त्यातल्या स्क्रूला चिकटलेला काळा रंग पर्जिंगनंतरही (आधीचे प्लास्टिक बाहेर ढकलून काढल्यावरही) बराच वेळ भागांवर रेषा उमटवत राहतो. म्हणून ‘कशावरून कशावर’ असा तक्ता करावा आणि वेळ आधीच्या भागाच्या शेवटच्या चांगल्या नगापासून पुढच्या भागाच्या पहिल्या मंजूर नगापर्यंत मोजावा. साचा चढला की बदल संपला असे बहुतेक ठिकाणी लिहिले जाते, ते खरे नसते. मग आधी मटेरियलचे गट आणि प्रत्येक गटात फिक्याकडून गडदाकडे असे चक्र बसवावे, आणि बॅरल साफ करण्याच्या दिवशीच पुन्हा पांढऱ्यावर यावे. पॉलिकार्बोनेट सुमारे १२० अंश सेल्सिअसला तीन-चार तास सुकवावे लागते. ते दुसऱ्या ड्रायरमध्ये आधीच सुरू केले नसेल, तर मशीन नुसते उभे राहते.

टूलरूम_कोल्हापूर:
चक्र योग्यच आहे, पण पांढरा भाग आठवड्यातून एकदाच निघणार असेल, तर आठवडाभराचा साठा ठेवावा लागेल आणि त्यात पैसा अडकेल. त्यामुळे बदलाचा वेळच कमी करायला हवा. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९५० मध्ये हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कारखान्यात मशीन थांबल्यावरच करता येणारी कामे आणि मशीन चालू असतानाच उरकता येणारी कामे वेगळी केली. पुढे टोयोटामध्ये १००० टनी प्रेसचा चार तासांचा बदल तीन मिनिटांवर आला. आपल्याकडे पुढचा साचा आधीच क्रेनखाली आणून गरम करून ठेवणे आणि साच्याच्या पाण्याच्या नळ्यांना क्विक कपलिंग (झटकन जोडता-काढता येणारे जोड) बसवणे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

नियोजक_चाकण:
दोघांचेही आभार. चक्र चालू असताना तातडीची ऑर्डर आली, तर ती घ्यावी का?

जुना_मोल्डर:
त्याची किंमत तक्त्यातूनच काढावी. पांढऱ्यानंतर करडा ठरला आहे आणि मध्ये काळा घालायचा आहे, असे समजा. पांढऱ्यावरून काळा २० मिनिटे, काळ्यावरून करडा ६०, आणि त्यातून वाचलेला पांढऱ्यावरून करड्याचा बदल १५ मिनिटांचा; म्हणजे जादा वेळ ६५ मिनिटे, शिवाय जास्तीच्या साचाबदलाचा वेळ वेगळा. ग्राहकाची लाइन खरोखर थांबणार असेल, तर हा वेळ द्यावा. अन्यथा ती ऑर्डर चक्रात काळ्याची पाळी येईल तेव्हा घ्यावी आणि ग्राहकाला तशी तारीख त्याच दिवशी कळवावी.