नाव बघू नका, वेळापत्रक बघा

भाचीने बारावीनंतर पत्रकारिता घ्यावी की मास कम्युनिकेशन, असं एका मामांनी विचारलंय. मुंबई विद्यापीठाकडे बघत असाल तर हा पेच लगेच सोडवायची गरजच नाही. तिथली माध्यमांची पदवी म्हणजे पूर्वीचं बीएमएम, आताचं बीएएमएमसी. त्यात पहिली दोन वर्षं सगळं एकत्रच असतं. जाहिरात की पत्रकारिता हे तिसऱ्या वर्षी ठरवायचं. तोवर तिलाच कळेल की जाहिरातीचा मजकूर लिहिताना मजा येते की बातमी. (आमच्या वर्गातले अर्धे पत्रकार व्हायला आले आणि जाहिरातीत गेले. पगार बघून, दुसरं काय!)

बातमीचंच वेड असेल तर मात्र कुठलीही पदवी घेऊन नंतर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारख्या (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) ठिकाणी पत्रकारिता करावी, असं माझं मत. अर्थशास्त्र किंवा कायदा शिकलेल्या वार्ताहराला बजेट नाहीतर निकालपत्र वाचायला कुणाचा हात धरावा लागत नाही. बातमी लिहिणं मात्र कामावरच शिकायला मिळतं. मी पहिल्या नोकरीत अपघाताची बातमी दीड पान लिहून नेली होती. उपसंपादकांनी सहा ओळी ठेवल्या आणि विचारलं, "जखमींना कुठल्या दवाखान्यात नेलं?" ते मी लिहिलंच नव्हतं.